सोनं शेवटी बघा : जपानी त्सुबा ओळखायला शिकताना

मी घेतलेली पहिली त्सुबा, म्हणजे जपानी तलवारीच्या मुठीपाशी असते ती चकती, खोटी निघाली. काळी चकती, तिच्यावर उडणारे सोनेरी करकोचे, खाली पाइनची फांदी. विकणाऱ्याने "एदो काळातली, सामुराईच्या तलवारीची" म्हणून फोटो पाठवले आणि मी त्या सोन्याला भुललो. घरी आल्यावर कौतुकाने आमच्या सोनारकाकांना दाखवायला घेऊन गेलो. त्यांनी जपानी तलवार जन्मात पाहिली नव्हती. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं, चकती दोनदा उलटसुलट केली, कड नखाने चाचपली आणि म्हणाले, "ही कोरलीय कुठं? ओतलीय. छिन्नीची एक खूण दाखव मला. आणि हे सोनं नाही रे, सोन्याचं पाणी आहे."

काकांना मिनिटभर लागलं. त्या मिनिटात ते नेमकं काय पाहत होते, ते समजायला मला पुढची काही वर्षं लागली. खरं तर त्यांनी फक्त क्रम बरोबर ठेवला होता: आधी धातू, मग हत्याराच्या खुणा, आणि सोनं सगळ्यात शेवटी. मी नेमका उलटा गेलो होतो. तोच क्रम पायरी-पायरीने इथे मांडतो आहे. फुलं, पक्षी, किडे कोरलेल्या मऊ धातूच्या त्सुबांचा नाद नुकताच लागलेल्यांसाठी.

आधी वस्तू कोणती ते समजून घ्या

त्सुबा म्हणजे जपानी तलवारीचं पातं आणि मूठ यांच्या मधली चकती. हात पात्यावर घसरू नये, समोरच्याचा वार बोटांवर येऊ नये आणि तलवारीचा तोल साधावा, ही तिची कामं. आपल्याकडच्या तलवारीची मूठ एकसंध असते, बोटांवरून वाकलेल्या परजेसकट. जपानी तलवारीचं तसं नाही. तिथे मूठ बांबूच्या एका खुंटीवर बसवलेली असते. खुंटी ठोकून काढली की मूठ, चकती आणि चकतीच्या दोन्ही बाजूंचे पातळ वायसर सगळं सुटं होतं. त्यामुळे एकाच पात्याला दरबारासाठी एक त्सुबा आणि एरवीसाठी दुसरी, अशी चैन करता यायची. त्सुबा तलवारीपासून वेगळ्या होऊन जगभरच्या संग्रहांत गेल्या, त्याचंही कारण हेच.

लढाईच्या काळातल्या त्सुबा मुख्यतः लोखंडाच्या. १६०३ नंतर तोकुगावा शोगुनांच्या राजवटीत (हाच एदो काळ) अडीचशे वर्षं मोठी युद्धं जवळजवळ थांबली. तलवार कमरेला होतीच, पण ती आता पोशाखाचा भाग झाली. मग तांबं आणि तांब्याचे मिश्रधातू पुढे आले, कारण लोखंड छिन्नीला जो विरोध करतं तो हे करत नाहीत; पाकळीची शीर, पिसाची रेघ, किड्याची मिशी असं सगळं यांच्यावर निघतं. या कामाला जपानीत 'किन्को' म्हणतात. किल्ल्यातल्या औपचारिक पोशाखाला काळी, साधी, शिस्तीची त्सुबा लागायची. व्यापाऱ्यांना दोन तलवारी बाळगायची मुभा नव्हती, पण आखूड 'वाकिझाशी' चालायची. मग हातात पैसा खेळणारा व्यापारी सगळी हौस त्या एका आखूड तलवारीच्या चकतीवर भागवायचा. सर्वांत नखरेल, सर्वांत रंगीत निसर्गचित्रं बऱ्याचदा याच लहान त्सुबांवर सापडतात, यात मला नवल वाटत नाही.

१८७६ मध्ये मेइजी सरकारने सैनिक, पोलीस आणि काही विशिष्ट प्रसंग सोडून तलवार लावून फिरायला बंदी घातली. एका फटक्यात हजारो कारागिरांचं गिऱ्हाईक गेलं. हीच मंडळी पुढे फुलदाण्या, डब्या, परदेशी पाठवायच्या शोभेच्या वस्तूंकडे वळली.

पहिली पायरी : नीट उभी धरा

नवखा माणूस त्सुबा हमखास उलटी धरतो, मीही धरायचो. मधलं मोठं भोक नीट पाहा. ते पाचरीसारखं असतं, एका टोकाला निमुळतं. पात्याची धार या निमुळत्या बाजूला येते. सामुराई तलवार धार वर करून कमरपट्ट्यात खोचायचा, म्हणून निमुळतं टोक वर ठेवा. आता चित्र सरळ दिसेल. दर्शनी बाजू मुठीकडची. समोरून येणाऱ्या माणसाला तीच दिसायची.

मोठ्या भोकाच्या दोन्ही अंगांना लहान भोकं असू शकतात, एक किंवा दोन. दर्शनी बाजूने पाहताना डावीकडचं अर्धचंद्रासारखं; ते म्यानाला लावलेल्या छोट्या चाकूसाठी, म्हणजे 'कोझुका'साठी. उजवीकडचं तीन पाकळ्यांचं; ते 'कोगाई' नावाच्या, केस सावरायच्या सळईसाठी. कधी एखादं भोक शिसं किंवा दुसरा धातू भरून बुजवलेलं असतं. ते खोट समजू नका. मालक बदलला, तलवार बदलली, तशी त्सुबाही बदलत गेली.

मोठ्या तलवारीची त्सुबा साधारण साडेसात-आठ सेंटीमीटर उंच, वाकिझाशीची सहा-सात. जाडी बहुधा चार-पाच मिलिमीटर. आकार गोल, चौकोनी किंवा चार पाकळ्यांचा. धरताना फक्त कडेने धरा, साखर-खोबऱ्याची वाटी नाही ती. बोटांचा घाम तांब्याला लागतो.

दुसरी पायरी : रंग म्हणजे धातू

इथे थोडं रेंगाळू, कारण हे कळलं की अर्धी त्सुबा कळली.

चांगल्या किन्को त्सुबावर रंग लावलेला नसतो. काळा, राखाडी, विटकरी, पिवळा, पांढरा अशी जी छटा दिसते ती त्या-त्या धातूची स्वतःची असते. काळा असतो तो 'शाकुदो': तांब्यात साधारण तीन ते पाच टक्के सोनं. राखाडी 'शिबुइची': नावाचा अर्थच 'चारातला एक', म्हणजे तांब्यात चौथा हिस्सा चांदी, प्रत्यक्षात प्रमाण कमी-जास्त असतं आणि त्याप्रमाणे राखाडीच्या छटा बदलतात, कुठे धुक्यासारखी, कुठे ओल्या मातीसारखी. शुद्ध तांबं विटकरी होतं. 'सेन्तोकु' हा पितळेच्या जातीतला, मऊ पिवळा. सोनं सोन्यासारखं, चांदी चांदीसारखी.

गंमत अशी की शाकुदो मुळात काळा नसतोच. कारागीर त्यावर काम करतो तेव्हा तो तांब्यासारखाच दिसतो. शिबुइचीही फिक्कट. म्हणजे काळ्या आकाशातला राखाडी बगळा कोरणारा माणूस ते काळं-राखाडी डोळ्यांनी बघत नसतो. तांबूस पत्र्यावर तांबूस बगळा कोरत असतो आणि अंतिम रंग मनात धरून चालतो. सगळी कोराकोरी, जडवणूक, घासणं संपलं की वस्तू अगदी निर्मळ करतात, किसलेल्या मुळ्याच्या रसात बुडवतात आणि मग गरम द्रावणात सोडतात. या द्रावणात जंगाल (तांब्यावरचा हिरवा गंज) आणि मोरचूद असतं. या सगळ्या क्रियेला 'निइरो' म्हणतात. एकाच भांड्यात, एकाच वेळी, प्रत्येक धातू आपापला रंग घेतो. शाकुदो काळाभोर होतो, शिबुइची राखाडी, तांबं लाल. सोनं जागचं हलत नाही. जपानी लोक शाकुदोच्या रंगाला ओल्या कावळ्याच्या पिसाची उपमा देतात. पिसावर जशी निळसर-जांभळी झाक असते तशी चांगल्या शाकुदोवर असते, आणि ती रंगाने आणता येत नाही. वरच्या अतिपातळ ऑक्साइडच्या थरात सोन्याचे सूक्ष्म कण असतात, म्हणून तो काळा असा दिसतो.

हे आपल्याला अगदीच परकं नाही. बिदरची सुरई किंवा हुक्का पाहिला असेल तर आठवून बघा. तिथे जस्ताचा मिश्रधातू असतो, त्यात चांदी ठोकून बसवतात आणि शेवटी बिदरच्या किल्ल्यातली माती नि नवसागर यांच्या लेपाने मूळ धातू काळा करतात. चांदी पांढरीच राहते. तत्त्व तेच. फक्त जपानी कारागिराकडे काळ्या-पांढऱ्याऐवजी पाच-सहा रंगांची पेटी होती.

नवख्याने करायचं काम: त्सुबा खिडकीपाशी न्या, दिव्याखाली नको. थोडी तिरकी करा. काळ्यात खोली दिसते का, निळी-जांभळी झाक येते का पाहा. रंग लावलेला काळा सपाट दिसतो, स्टोव्हला लावलेल्या काळ्या रंगासारखा, आणि कडेला, भोकाच्या आत तो कुठेतरी टवके उडून निघालेला असतो. खरा शाकुदो झिजला की तिथे तपकिरी-तांबूस झाक येते, पण ती हळूहळू विरत जाते, एकदम तुटत नाही.

तिसरी पायरी : चित्राआधी जमीन

चित्र बाजूला ठेवा आणि मागची रिकामी जागा बघा. मला विचाराल तर कारागिराची लायकी तिथे कळते.

शाकुदोच्या औपचारिक त्सुबांवर 'नानाको' जमीन असते. नावाचा अर्थ माशाची अंडी. कोकणात वाढलेल्या माणसाला समजवायला नको: तळलेली गाबोळी मोडल्यावर आत जे दाणे दिसतात, तसे ओळीने मांडलेले बारीक गोल दाणे. टोकाला वाटीसारखी पोकळी असलेला ठसा घ्यायचा, हातोडीने एक टोला, एक दाणा. मग दुसरा, अगदी चिकटून. दाणा बहुधा एक मिलिमीटरपेक्षाही लहान, म्हणजे एका त्सुबावर हजारो. नुसती नानाको मारणारे वेगळे कारागीर असायचे. दहापट भिंगातून पाहा: प्रत्येक दाणा स्वतंत्र, गोल, दोन दाण्यांमधली दरी स्वच्छ आणि ओळी सरळ किंवा कडेला समांतर वळत गेलेल्या. चित्राच्या कडेशी दाणे लहान होतात किंवा चेपतात. तिथे कारागिराची जी तारांबळ दिसते ती मला फार आवडते. ओतीव नकलेत दाणे असतात, पण दऱ्या गाळ साचल्यासारख्या भरलेल्या आणि मध्येच दोन दाणे एकमेकांत वितळलेले.

दुसरी जमीन 'इशिमे', दगडासारखी खडबडीत. तिसरी नुसती घासून गुळगुळीत केलेली. हिच्यावर चूक लपत नाही. गुळगुळीत शिबुइचीवर चार रेघांत पाऊस दाखवणारा माणूस हजार दाण्यांमागे लपू शकत नाही.

चौथी पायरी : छिन्नीच्या खुणा

माझ्यासमोर आत्ता जी आहे ती पाहू. वाकिझाशीची त्सुबा, सही नाही, गोल, उंची ६.८ सेंटीमीटर. जमीन शाकुदोची, नानाको. उजव्या कडेवरून गवताचं एक पातं आत वाकलंय, ते सोन्याचं; त्याला लटकलेला रातकिडा शिबुइचीचा. पात्याच्या पोटाशी भिंग लावलं की तळाशी सोनं जाड आहे आणि शेंड्याकडे झिजून खालचं तांबं डोकावतंय असं दिसतं. रातकिड्याचा मागचा पाय गुडघ्यात मोडलाय आणि त्या गुडघ्यावर तीन बारीक घाव आहेत. तिघांची खोली वेगवेगळी. पहिला घाव जोरात बसलाय, तिसरा जेमतेम लागलाय. मिशी मागे वळून कडेवरून पलीकडे गेलीय. चकती उलटी केली की मागच्या बाजूला ती मिशी संपते आणि तिथे गवतावर एकच दवाचा थेंब आहे, चांदीचा, काळवंडलेला. पुढून पाहणाऱ्याला तो कधीच दिसणार नाही. तलवारीवर चढवल्यावरही तो म्यानाकडच्या बाजूला जातो. कुणासाठी कोरला असेल?

याच त्सुबाच्या आधाराने कामाचे प्रकार सांगतो. उठाव देऊन केलेलं काम म्हणजे 'ताकाबोरी'. उठाव कधी त्याच पत्र्यातून काढलेला असतो, कधी वेगळा कोरून मग खाचेत बसवलेला; बसवलेल्याच्या कडेला भिंगातून केसाएवढी रेघ दिसते. केसासारख्या रेघा म्हणजे 'केबोरी'. सपाट खाचेत दुसरा धातू ठोकून जमिनीशी सपाट करणं हे 'हिरा-झोगान'. उठावावर सोन्या-चांदीचा पातळ पत्रा चढवून रंगसंगती साधणं 'इरोए'. माझ्या गवताचं पातं यातलंच, म्हणून शेंड्याला तांबं दिसतंय. आरपार कापलेलं 'सुकाशी'.

आणि 'काताकिरी-बोरी', माझी लाडकी. छिन्नी तिरपी धरून असा घाव की खाचेची एक भिंत उभी आणि दुसरी उतरती. उजेड पडला की रेघ कुठे जाड, कुठे बारीक दिसते, हुबेहूब शाईच्या कुंचल्याचा फटकारा. एदोचा (म्हणजे आजच्या तोक्योचा) योकोया सोमिन (१६७०–१७३३) या पद्धतीसाठी प्रसिद्ध. कागदावर कुंचला चुकला तर दुसरा कागद घेता येतो; इथे एक घाव चुकला की पत्रा गेला.

तुम्ही शोधायचं एवढंच: राळेवर बसवून छिन्नीने कोरलेल्या कामात रेघेची सुरुवात टोकदार असते, खाचेचा तळ चमकतो आणि एकसारखी दिसणारी दोन पानं खरं तर एकसारखी नसतात. ओतीव वस्तूच्या रेघा काठाशी विरघळलेल्या, साबणाच्या वडीवरच्या अक्षरांसारख्या. बारीक छिद्रं, पुटकुळ्या, भोकाच्या आतल्या भिंतीवर साच्याची शिवण दिसली की ती खाली ठेवा. धातू तपासायला म्हणून कसोटीवर मात्र घासू नका. सोनाराकडे न्यायची तर आधी ही एवढी ताकीद द्या.

पाचवी पायरी : ऋतू ओळखा

त्सुबावरचं फूल नुसतं फूल नसतं, ते कॅलेंडर असतं. उमेची (जपानी आलुबुखारची) फुलं आणि उगुइसू हा गाणारा पक्षी म्हणजे थंडी सरता-सरता. साकुरा, चेरीची फुलं, म्हणजे भर वसंत. मेपलची पानं आणि हरीण, हागीची झुडपं आणि रानडुक्कर, तुऱ्यांचं गवत आणि चंद्र, लव्हाळ्यावर उतरणारे रानहंस, हे सगळं शरद. जोड्या ठरलेल्या: बांबूत चिमण्या किंवा वाघ, पिओनीपाशी सिंह किंवा फुलपाखरं, लाटांवर चिदोरी पक्षी. हानाफुदा नावाचे जपानी फुलांचे पत्ते कुठे मिळाले तर चाळा. बारा महिने, बारा झाडं, आणि डुक्कर-हरीण-फुलपाखरू ही तिथलीच तिकडी. एवढ्यावर निम्म्या त्सुबा ओळखता येतात.

माझा रातकिडा शरदातला. त्या ऋतूत किड्यांचं गाणं ऐकायला मुद्दाम जायची, त्यांना पिंजऱ्यात पाळायची पद्धत जपानमध्ये आहे. आपण रातकिडा ओरडला की चप्पल शोधतो. चतुर मात्र सामुराईंचा आवडता, कारण तो मागे हटत नाही अशी समजूत. त्याला 'विजयी किडा' म्हणत.

एक सावधगिरी. शेवंती दिसली की विक्रेता "सम्राटाच्या घराण्यातली" म्हणतो. सोळा पाकळ्यांचं राजचिन्ह वेगळं आणि कुंपणाशी वाऱ्याने वाकलेली शेवंती वेगळी. दुसरी म्हणजे साधा शरद ऋतू. किंमत घराण्याची देऊ नका.

सहावी पायरी : मधलं भोक काय सांगतं

पाचरीसारख्या भोकाच्या वर-खाली तांब्याचे छोटे तुकडे ठोकलेले असू शकतात, त्यांना 'सेकिगाने' म्हणतात. नव्या पात्यावर त्सुबा घट्ट बसावी म्हणून ते असतात. भोकाच्या काठावर छिन्नीचे ठोके, भोवतीच्या सपाट जागेवर मूठ बसल्याच्या पुसट खुणा दिसल्या तर वस्तू कधीतरी तलवारीवर चढली होती. मेइजी काळात परदेशी गिऱ्हाइकांसाठी केलेल्या काही त्सुबा कधीच तलवारीवर गेल्या नाहीत. योकोहामा बंदरावरून जाणाऱ्या अशा मालाला 'हामामोनो' म्हणत. त्या खोट्या नव्हेत, कधी चांगल्याही असतात, पण त्यांची किंमत वेगळी.

सातवी पायरी : सही, आणि तीही संशयाने

सही बहुधा भोकाशेजारच्या सपाट जागेवर असते. नवखे तिथूनच सुरुवात करतात आणि फसतात, कारण मोठ्या नावांच्या खोट्या सह्या त्या काळातही सर्रास मारल्या जात. उलट गोतो घराण्याच्या सुरुवातीच्या पिढ्या सहीच करत नसत. काम आधी पटू द्या, नाव नंतर.

तरी काही नावं कानावर असू द्यात. गोतो युजो (१४४०–१५१२) हा गोतो घराण्याचा मूळपुरुष. पुढे शाकुदो-नानाकोचा दरबारी बाज याच घराण्याने सांभाळला. क्योतोचा उमेतादा म्योजू (१५५८–१६३१) पितळ-तांब्यावर पानं-वेली सपाट जडवायचा, आणि त्या आजच्या डोळ्यालाही नव्या वाटतात. नारा परंपरेतला त्सुचिया यासुचिका (१६७०–१७४४) धातूंशी खेळणारा. इशिगुरो मासात्सुने (१७६०–१८२८) आणि त्याचे शिष्य म्हणजे फुलापक्ष्यांची दिवाळी. मला कधी-कधी जरा जास्तच होते, पण पिसाचं काम पाहून गप्प बसावं लागतं. आणि कानो नात्सुओ (१८२८–१८९८): तलवारी गेल्या तेव्हा याच्या छिन्नीतून मेइजी सरकारच्या नव्या नाण्यांचे नमुने उतरले.

आठवी पायरी : आधी बघा, मग घ्या

पहिलं वर्ष काही विकत घेऊ नका. मी हे सांगतोय म्हणजे कोण सांगतंय ते लक्षात घ्या. बोस्टनचं ललित कला संग्रहालय, न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन, लंडनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, बाल्टिमोरचं वॉल्टर्स यांच्या संग्रहांतल्या त्सुबांचे फोटो घरबसल्या पाहता येतात. रोज पाच बघा आणि प्रत्येकीचा धातू, जमीन, ऋतू वहीत लिहा. मग खालचं वर्णन वाचून ताळा करा. लंडन-बोस्टनला नातेवाईक असतील तर पुढच्या खेपेला शॉपिंगमधला अर्धा दिवस कापा. तोक्योला जाणं झालं तर र्योगोकू भागातलं जपानी तलवार संग्रहालय चुकवू नका. ते चालवणारी संस्था 'निप्पोन बिजुत्सु तोकेन होझोन क्योकाई' १९४८ पासूनची. ती तलवारीच्या साजाला तपासून प्रमाणपत्रंही देते. 'होझोन' ही पहिली पायरी, त्यावर 'तोकुबेत्सु होझोन', आणखी वर 'जुयो'. नवख्याने पहिली खरेदी होझोन कागद असलेलीच करावी असं माझं स्पष्ट मत आहे. थोडे पैसे जास्त जातात, पण शिकवणीची फी त्यातच येते.

कागद नसेल तर विक्रेत्याकडून मागायचे फोटो: दोन्ही बाजू, कड, तिन्ही भोकांच्या आतल्या भिंती आणि बाजूने तिरका उजेड पाडून घेतलेला एक. मिलिमीटरमध्ये मापं, ग्रॅममध्ये वजन. हे मागितल्यावर जो चिडतो त्याच्याकडून घेऊ नका. आणि तेच करकोचे, त्याच जागी, तीच पिसं असलेली दुसरी त्सुबा इंटरनेटवर सापडते का, हेही बघा. मला माझ्या त्सुबाच्या चार जुळ्या बहिणी सापडल्या, पैसे दिल्यानंतर.

शंभर वर्षांहून जुनी वस्तू भारतात आणताना बिलं, कागद जपून ठेवा. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे इतकी जुनी कलावस्तू देशाबाहेर नेण्यावर बंधनं आहेत. उद्या परत पाठवायची वेळ आली तर ती इथे कधी, कुठून आली हे दाखवता यायला हवं.

शेवटची पायरी : घासू नका

आपल्या घरात तांब्याची वस्तू काळी दिसली की कुणाचा तरी हात चिंचेकडे जातो. त्सुबाच्या बाबतीत हे घरातल्या सगळ्यांना, कामाच्या मावशींनाही, पहिल्या दिवशी सांगून ठेवा. तो काळा रंगच तर कारागिराने शेवटी मिळवलेला असतो. थर इतका पातळ की चिंच-मीठ, लिंबू, भांडी चकचकीत करायची पावडर यांपैकी काहीही दोन मिनिटांत दोनशे वर्षं पुसून टाकतं. पुन्हा चढवणारे हात जगात मोजके आहेत. तेल नको, मेण नको. मऊ सुती फडक्याने हलकेच टिपायचं, बस. नानाकोत धूळ बसली तर मऊ, कोरडा रंगाचा ब्रश.

ठेवायची पेटी जपानमध्ये किरीच्या हलक्या लाकडाची असते, आत त्सुबाच्या आकाराची गादी आणि भोकात बसणारी खुंटी. ती नसेल तर धुतलेल्या, रंग न जाणाऱ्या सुती कापडात गुंडाळा. रबरबँड, लोकर, वर्तमानपत्र जवळ नको, चांदी काळवंडते. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी टाका आणि महिन्याला बदला.

माझी ती पहिली, ओतीव त्सुबा मात्र मी एका रविवारी मुद्दाम चिंचेने घासली. चिंच काही झालं तरी रंगाला शिवेना. शेवटी पातेल्याच्या घासणीने काळा पापुद्रा सुटला आणि खाली पिवळंधमक पितळ निघालं. करकोच्यांचं सोनं त्याच्याही आधी गेलं होतं. आता ती सोनारकाकांच्या दुकानात कागदांवर वजन म्हणून असते.